बातमी, जाहिरात आणि आपलं मत

(हैदराबाद येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पत्रिका समितीच्या वतीनं केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



निवडणूक आणि वर्तमानपत्रं या विषयावर पत्रिका समितीनं बोलावं, अशी अध्यक्षांची सूचना होती. राजकारणाचा विषय निघाला की आपल्या मंडळात चहा गार होईपर्यंत वाद चालतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो, कोणत्या पक्षाला मत द्यावं हे आम्ही सांगणार नाही. मतदानाच्या आधी आपल्या कानावर आणि डोळ्यांसमोर जे येतं ते कोण आणतं, कशासाठी आणतं, आणि त्यात आपल्या घरातल्या अडचणींना किती जागा असते, एवढंच बोलायचं आहे. शेवटी एक ठराव मांडणार आहोत. त्यावर मात्र आजच हो किंवा नाही व्हायला हवं.

या विषयासाठी आपल्याला दूर जायला नको. २००४ सालची लोकसभा निवडणूक आठवा. केंद्रात वाजपेयींचं सरकार होतं. सरकारी खर्चानं 'इंडिया शायनिंग'च्या जाहिराती वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर झळकत होत्या. हिंदीत त्याचंच 'भारत उदय' झालं होतं. 'फील गुड' हा शब्द तर इतका चालला की लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक थट्टेनं वापरू लागले. आणि या चमकत्या भारताचं चित्र काढायचं झालं की छायाचित्रकार यायचे आपल्याच शहरात. १९९८ साली वाजपेयींच्या हस्ते सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं. मार्च २००० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन इथं येऊन गेले. मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू हे लॅपटॉपवाले मुख्यमंत्री म्हणून देशभर गाजत होते.

यातलं काहीच खोटं नव्हतं. इमारती खऱ्या होत्या, नोकऱ्या खऱ्या होत्या. आपल्या सुलतान बाजार-काचीगुड्यातल्या कितीतरी घरांतली मुलं त्या नोकऱ्यांना लागली, म्हणून तर ती पुण्याला किंवा अमेरिकेला न जाता आईवडिलांजवळ राहिली. त्याबद्दल कृतज्ञता असण्यात गैर काही नाही.

पण ज्यांच्या सोयरिकी भैंसा-मुधोळकडे आहेत, किंवा ज्यांची थोडीफार शेती अजून तिकडे आहे, त्यांना विचारा. २००२ चा दुष्काळ, आटलेल्या बोअरवेल, कापसावर केलेलं कर्ज, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, हे सगळं त्याच काळात चाललं होतं. विजेचे दर वाढले म्हणून इथंच बशीरबागला, विधानसभेपासून हाकेच्या अंतरावर, २८ ऑगस्ट २००० रोजी मोर्चावर गोळीबार झाला आणि माणसं मेली. महबूबनगरहून मजूर मुंबईला जात होते. एकेकाळी त्या मार्गावर आठवड्याला एक बस सुटायची, ती दहा वर्षांत तिसावर गेली, असं पी. साईनाथ यांनी २००३ साली लिहिलं. म्हणजे बातमी छापलीच जात नव्हती असं नाही. कोणी तरी बसस्थानकावर उभं राहून ती आणत होतं. पण एका बाजूला एक वार्ताहर आणि दुसऱ्या बाजूला पानभर रंगीत जाहिराती, असा तो सामना होता.

त्या वेळी मतदानाच्या प्रत्येक टप्प्यानंतर लगेच 'एक्झिट पोल' दाखवायला मोकळीक होती. २० एप्रिल ते १० मे, तीन आठवडे रोज संध्याकाळी आकड्यांचा बाजार भरायचा. पहिल्या टप्प्याचे आकडे ऐकून पुढच्या टप्प्याचा मतदार मत ठरवणार, हे कोणाला दिसत नव्हतं असं नाही. कायदा बदलून पहिल्या टप्प्यापासून शेवटचा टप्पा संपेपर्यंत अशा आकड्यांवर बंदी आली ती २००९ च्या दुरुस्तीनं. तर १० मे रोजी मोठ्या वाहिन्यांनी भाजप आघाडीला दोनशे तीसपासून पावणेतीनशेपर्यंत जागा दिल्या. आंध्रच्या विधानसभेची मोजणी ११ मे रोजी होती, म्हणून पहिला धक्का आपल्या शहरात बसला. २९४ जागांपैकी तेलुगू देसमला ४७. दोन दिवसांनी लोकसभेचे निकाल आले. आंध्रच्या ४२ जागांपैकी तेलुगू देसमला ५, देशात काँग्रेस १४५, भाजप १३८, आणि भाजपची सगळी आघाडी मिळून एकशे नव्वदच्या आत.

आता खरी गंमत पुढे आहे. चौदा तारखेपासून त्याच पत्रांनी, त्याच वाहिन्यांनी दुसरी गोष्ट सांगायला सुरुवात केली. गावानं शहराचा सूड घेतला, गरिबानं संगणकाला हरवलं. ऐकायला किती छान! पण मुंबईतल्या ६ पैकी ५ जागा काँग्रेसनं जिंकल्या, त्या काय खेड्यांतल्या होत्या? राम नाईक, मनोहर जोशी यांच्यासारखे नेते मुंबईत पडले. दिल्लीत ७ पैकी ६ काँग्रेसच्या. आपल्या सिकंदराबादेत दत्तात्रेय पडले. उलट शेजारच्या कर्नाटकात, जिथं बंगळुरूचा डंका हैदराबादपेक्षा मोठा होता, तिथं मुख्यमंत्री काँग्रेसचे एस. एम. कृष्णा होते आणि लोकसभेच्या २८ पैकी १८ जागा भाजपनं घेतल्या. तामिळनाडूत द्रमुकनं भाजपची साथ सोडली आणि त्यांच्या आघाडीनं ३९ च्या ३९ जागा नेल्या. आपल्याकडे काँग्रेसनं तेलंगणा राष्ट्र समिती आणि डाव्यांशी जमवून घेतलं होतं. देशभरात पाहिलं तर काँग्रेसला २६.५ टक्के मतं आणि भाजपला २२ च्या थोडी वर. असा काही ढगफुटीसारखा कौल नव्हता. ज्या त्या राज्यातल्या मतदारानं आपापल्या सरकारचा हिशेब चुकता केला, आणि ज्यानं सोबती नीट निवडले त्याला त्या हिशेबाचा फायदा झाला.

आमच्या मते निकालानंतरची गोष्ट ही निकालाआधीच्या गोष्टीइतकीच सोयीची होती. दोन्ही वेळा मतदाराला कोणी विचारलं नाही. दोन्ही वेळा त्याच्या वतीनं दुसरंच कोणी बोललं. हे 'त्याच्या वतीनं बोलणं' आजच्या विषयात महत्त्वाचं आहे, म्हणून जरा लक्षात ठेवा.

आता पक्षपाताबद्दल. १९५६ च्या पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण इथंच राहिलो, त्याचा एक फायदा म्हणजे आपल्याला चार भाषांतली पत्रं वाचता येतात. आपल्या घरांत तेलुगू पत्र गावच्या बातमीसाठी, इंग्रजी मुलांचं इंग्रजी सुधारावं म्हणून, उर्दू आजोबांसाठी आणि मराठी मनासाठी. ज्यानं दोन पत्रं शेजारी ठेवून वाचली त्याला पक्षपात शिकवावा लागत नाही. 'ईनाडू' एन. टी. रामाराव यांच्या काळापासून कोणत्या बाजूला झुकलं, हे गल्लीतला पोरगाही सांगेल. राजशेखर रेड्डी मुख्यमंत्री झाल्यावर भर सभेत 'ती दोन पत्रं' म्हणून ईनाडू आणि आंध्रज्योतीचा उद्धार करायचे. मग २००८ साली त्यांच्या चिरंजीवांचं 'साक्षी' निघालं. तेव्हापासून एकाच सभेची गर्दी एका पत्रात जनसागर असते आणि दुसऱ्यात रिकाम्या खुर्च्या.

असा उघड पक्षपात आम्हाला फारसा भयंकर वाटत नाही. दुकानावर पाटी लावलेली आहे, आत काय मिळतं ते गिऱ्हाइकाला ठाऊक आहे. भीती वाटते ती पाटी नसलेल्या दुकानाची.

२००९ मध्ये लोकसभा आणि महाराष्ट्र विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या. त्या वर्षी पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचं प्रकरण बाहेर आलं. उमेदवारानं जाहिरातीचे पैसे द्यायचे आणि छापून यायची बातमी, बातमीदाराच्या नावासकट. महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर वेगवेगळ्या मराठी पत्रांत शब्दाला शब्द जुळणारा आहे, हे साईनाथ यांनी कात्रणं ठेवून दाखवलं. उमेदवाराच्या हिशेबात मात्र वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च काही हजारांचाच होता. प्रकरण निवडणूक आयोगापुढे वर्षानुवर्षं चाललं. आयोगाचा चव्हाणांविरुद्धचा आदेश सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केला, हेही सांगायला हवं. अर्धीच बाजू सांगून पक्षपातावर भाषण कसं करणार? उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना मात्र अशाच एका प्रकरणात २०११ साली तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं गेलं.

प्रेस कौन्सिलनं तेव्हा दोघांची समिती नेमली. परंजय गुहा ठाकुरता आणि आपल्या हैदराबादचे के. श्रीनिवास रेड्डी. त्यांनी पत्रांची नावं घेऊन सविस्तर अहवाल दिला. कौन्सिलनं तो आखडून लहान केला आणि मूळ अहवाल लोकांपुढे यायला माहिती अधिकाराखाली आदेश लागला. छापणाऱ्यांच्याच संस्थेला छापायची लाज वाटली, असं आम्ही म्हणतो. पण हेही खरं की हा सगळा व्यवहार उघड केला तो पत्रकारांनीच.

एक गोष्ट आपल्या शहराच्या खात्यावर जमा आहे. दूरचित्रवाणीवर राजकीय जाहिराती दाखवायच्या की नाही, हा वाद आंध्रच्या उच्च न्यायालयातून जेमिनी वाहिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि एप्रिल २००४ मध्ये आदेश झाला की अशी जाहिरात आधी तपासून प्रमाणित करून घेतल्याशिवाय दाखवता येणार नाही. आज जिल्ह्याजिल्ह्यांत निवडणुकीच्या वेळी ज्या समित्या बसतात त्यांचं मूळ तिथं आहे. जाहिरात तपासता येते. जाहिरात असूनही तसं न सांगणारी बातमी कोण तपासणार?

हे सगळं दुसऱ्यांचं झालं. आता आपल्यावर येऊ.

तेलंगणात १३ मे २०२४ रोजी लोकसभेचं मतदान होतं. त्याआधीच्या आठवड्यात एका उमेदवाराच्या माणसांनी स्नेहभोजनासाठी म्हणून आपलं सभागृह घेतलं. रीतसर भाडं भरलं, पावती घेतली, नियमात बसणारं होतं. परिसरातल्या मराठी घरांना बोलावणं गेलं, काही जण गेले. शेजारधर्म म्हणून जाण्यात वावगं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पत्रात फोटोसह मथळा, 'मराठी समाजाचा एकमुखी पाठिंबा'. फोटोत आपले पाच सभासद, पंगतीत बसलेले, एकाच्या हातात जिलेबी. भाषण कोणी केलं नव्हतं, ठराव झाला नव्हता, मंडळाला कोणी विचारलंही नव्हतं. मजकुराखाली 'जाहिरात' हा शब्द नव्हता.

आम्ही त्याच दिवशी लेखी खुलासा नेऊन दिला. तो छापून आला मतदानानंतर चौथ्या दिवशी, आतल्या पानावर, दोन ओळींत. तोवर काय काय झालं ते अध्यक्षांना विचारा. दुसऱ्या बाजूची माणसं येऊन म्हणाली, 'आपण तर पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी, मग असं का?' एका कुटुंबानं रागानं सभासदत्व सोडलं. त्या पाच जणांपैकी एक गृहस्थ तर त्या पक्षाचे कट्टर विरोधक, त्यांना घरच्यांची बोलणी खावी लागली ती वेगळीच!

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. आपण या शहरात संख्येनं थोडे. आपली पत राहिली ती शाळा चालवून, ग्रंथसंग्रहालय जपून, कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत सचोटीनं काम करून. सगळ्या पक्षांचे लोक आपल्या गणेशोत्सवाला येतात ते त्यामुळे. ती पत कोणी एका जेवणावळीच्या खर्चात विकत घ्यावी, आणि ती विकली गेल्याचं आपल्याला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळावं?

तरुण मंडळी म्हणतात, वर्तमानपत्रं वाचतो कोण, सगळं फोनवर येतं. खरं आहे. पण तो मथळा गेला तोही फोनवरूनच, पत्राच्या कात्रणाचा फोटो काढून. आपला खुलासा मात्र कोणी पुढे पाठवला नाही. आणि फोनवर असो की पडद्यावर, अंदाजांचा बाजार जसाच्या तसा आहे. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या, काहींनी चारशे. ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला, ४ जूनला मोजणी सुरू झाल्यावर चार हजारांहून जास्त पडला. आघाडीला २९३ मिळाल्या, भाजपला २४०. निवृत्तीचे पैसे बाजारात ठेवलेल्या आपल्या सभासदांना ते दोन दिवस वेगळे सांगायला नकोत.

आणि मतदाराच्या मनात काय होतं? त्या निवडणुकीआधी लोकनीती-सीएसडीएसची पाहणी झाली होती. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता, याला २७ टक्क्यांनी बेरोजगारी म्हटलं, २३ टक्क्यांनी महागाई. विकास म्हणणारे १३, भ्रष्टाचार ८ आणि राममंदिर ८. रात्री नऊच्या चर्चांमध्ये या क्रमानं वेळ वाटलेला कोणी पाहिला का? मात्र त्याच पाहणीत सत्ताधारी आघाडी पुढे होती, हेही विसरू नका. नोकरी नाही म्हणून माणूस सरकार पाडायला निघतोच असं नाही. तो म्हणतो, दुसरा तरी देईल का? मतदाराचं मन असं असतं. त्याची चिंता एक, त्याचं मत कदाचित दुसरं, आणि या दोहोंमधली वाट फक्त त्यालाच ठाऊक. ती वाट आपल्याला ठाऊक आहे असं सांगणाऱ्याकडे, मग तो संपादक असो की कार्यकर्ता, जरा जपूनच पाहावं.

आपल्या मंडळींबद्दलही थोडं तिखट बोलू द्या. २०२४ मध्ये तेलंगणात सरासरी ६५ टक्क्यांवर मतदान झालं. भोंगीरमध्ये ७६ टक्क्यांच्या वर. आपल्या सिकंदराबादेत ४९ आणि हैदराबादेत ४८. चार भाषांतली पत्रं वाचायची, तीन वाहिन्या बघायच्या, आणि मतदानाच्या दिवशी सुट्टी म्हणून श्रीशैलमला जायचं! काहींची अडचण खरी आहे. वाडा सुलतान बाजारातला, राहायला कुकटपल्लीला, नाव जुन्या यादीत, तिथूनही आता गळलेलं. त्याची व्यवस्था ठरावात आहे.

काही ज्येष्ठ म्हणतात, सगळी पत्रं सारखीच, विश्वास कोणावर ठेवायचा? त्यांना आम्ही काचीगुड्याची आठवण देतो. ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज'चे संपादक शोएबउल्ला खान यांना, रझाकारांविरुद्ध आणि भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूनं लिहितात म्हणून, रात्री घरी जाताना तिथल्या रस्त्यावर मारलं. ज्या हातानं लिहायचे तो हातही तोडला. वय तिशीच्या आतलं. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा तेव्हा त्याच मोहल्ल्यात राहत होते. तेव्हा सगळीच पत्रं सारखी, असं निदान आपण तरी म्हणू नये.

आता ठराव.

निवडणूक जाहीर झाल्यापासून मतदान होईपर्यंत आपली पत्रिका कोणत्याही उमेदवाराचा किंवा पक्षाचा मजकूर छापणार नाही, पैसे घेऊनही नाही आणि फुकटही नाही. शुभेच्छांचं पान हीसुद्धा जाहिरातच समजली जाईल. यानं छपाईखर्चात तूट येणार आहे. ती वर्गणी वाढवून भरायची की पानं कमी करायची, हे सभेनं ठरवावं. पानं कमी करावीत असं आमचं मत आहे, कारण वर्गणीचा बोजा पेन्शनवरच्या माणसांवर पडतो.

मंडळाच्या किंवा 'मराठी समाजा'च्या नावानं पाठिंबा देण्याचा अधिकार कोणालाही नाही, अध्यक्षांनाही नाही. व्यक्ती म्हणून कोणी कोणत्याही मंचावर जावं, मंडळाचं नाव आणि कागद घरी ठेवून जावं. आचारसंहितेच्या काळात सभागृह राजकीय कार्यक्रमाला दिलं जाणार नाही.

त्याऐवजी पत्रिकेचा एक विशेष अंक निघेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांचं शपथपत्र द्यावं लागतं. ते इंग्रजीत आणि तेलुगूत पडून असतं, कोणी वाचत नाही. आपल्या मतदारसंघांतल्या मुख्य उमेदवारांच्या शपथपत्रांचा गोषवारा आम्ही मराठीत देऊ, शेरा न मारता. ज्याला तपासायचं असेल त्याच्यासाठी मूळ कागद ग्रंथालयात ठेवू. पत्ता बदललेल्यांची नावं यादीत घालण्यासाठी आठ नंबरचा आणि नव्यानं अठरा पूर्ण झालेल्यांसाठी सहा नंबरचा फॉर्म भरून द्यायला दर रविवारी दोघं जण बसतील.

आणि याच अंकासाठी आपल्याकडून एक काम हवं आहे. दारापाशी ठेवलेल्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर आपल्या घरापुढचे सगळ्यांत मोठे तीन प्रश्न लिहा. पाणी, औषधाचा खर्च, मुलाची नोकरी, मराठी शाळेची पटसंख्या, जे असेल ते. नाव लिहू नका, पक्ष लिहू नका. घरात चार माणसं असतील तर चार चिठ्ठ्या, सुनेची वेगळी आणि सासूबाईंची वेगळी. मोजणी सभेपुढेच होईल आणि आकडे जसे निघतील तसे छापू. तेच प्रश्न सगळ्या उमेदवारांना पाठवू. जो उत्तर देईल त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत, जो देणार नाही त्याच्या नावापुढे जागा कोरी.

चर्चेला अर्धा तास आहे. हात वर करून मतदान घेऊ. पंगत त्यानंतर बसेल, आणि फोटो काढायचा असेल तर आधी विचारून काढावा, ही विनंती.